आक्कांची रजा

"मग, आक्का यात्रेहून कधी परतायच्या?" गोगटेसाहेबांनी झोपाळ्यावर टेकल्या टेकल्याच विचारलं आणि पायानं एक हलका झोका घेतला.

बारशाला आलेला माणूस आधी बाळाला बघतो. निदान बाळ कुठं आहे एवढं तरी विचारतो. साहेबांनी बाळंतविड्याची पिशवी आईच्या हातात ठेवली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि थेट मुद्द्याला हात घातला. त्यांचं तसं काही चुकलं नव्हतं. आमच्या रेडिओ केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमाचे ते साहेब, माझी बाळंतपणाची रजा संपत आलेली, आणि आक्का म्हणजे मी.

'हळदीकुंकू' नावाचा आमचा कार्यक्रम दुपारी जेवणं उरकली की लागायचा. त्यात आक्का नावाची पन्नाशीची, भरल्या घरातली बाई लोणच्यापासून सुनेच्या रुसव्यापर्यंत सगळ्याचा निकाल लावायची. माझा स्वतःचा आवाज पिपाणीसारखा. पण लहानपणी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहाटे उठवून खर्जाचा रियाज करून घेतला होता. गाणं काही मला आलं नाही, खालच्या पट्टीतला तो आवाज मात्र छातीत राहून गेला. त्याच आवाजात मी आक्का बोलायचे. लोकांना तो इतका खरा वाटे, की एकदा एक बाई खेड्यावरून गुळाची ढेप घेऊन केंद्रावर आल्या आणि मलाच विचारायला लागल्या, "आक्का कुठं बसत्यात? तू त्यांची सून का गं?"

मला दिवस गेले तेव्हा पंचाईत झाली. पन्नाशीच्या आक्का बाळंतपणाला गेल्या असं रेडिओवर सांगायची सोय नव्हती. साहेबांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि आक्कांना काशीयात्रेला धाडलं. तेव्हापासून बायकांची पत्रं यायची, गंगेचं पाणी आणा, माझ्या नावानं एक दिवा सोडा, आणि आता पुरे झालं, परत या.

"साहेब, जेवून घ्या आधी," मी म्हटलं.

"जेवतो की. पण तारीख सांगा. नव्या मुलीनं फार दिवस खिंड लढवली, आता बायका ऐकत नाहीत."

"तारीख नाही. मी नोकरी सोडतेय."

झोपाळा थांबला. दारात उभ्या असलेल्या आईच्या हातातली पिशवी खाली आली.

"चेष्टा करताय," साहेब म्हणाले.

"नाही."

"काय झालं? घरून काही? की केंद्रावर कुणी बोललं?"

"कुणी काही बोललं नाही. राजीनामा लिहून देते, जाताना घेऊन जा."

त्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. आवाजावरून माणूस ओळखायची त्यांना सवय होती, त्यामुळं पुढं त्यांनी वाद घातला नाही. "संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी इथंच आहे," एवढंच म्हणाले. "विचार बदला."

आईनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "हे त्या जबलपूरवालीचं काम," ती दातओठ खात म्हणाली. "तिनंच अरविंदरावांचे कान भरले असणार."

जबलपूरवाली म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, वन्सं. तिथल्या शाळेत मुख्याध्यापिका. आवाज असा की मधली सुट्टी संपल्याची घंटा द्यायला नको. बारसं खरं म्हणजे बाराव्या दिवशी व्हायचं, पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आमच्या आत्याबाईंच्या शाळेला सुट्टी लागेना. म्हणून माझी लेक तिसरा महिना लागला तरी बिननावाची राहिली होती. वन्सं त्या दिवशी सकाळच्या गाडीनं ह्यांच्याबरोबर उतरल्या होत्या, आणि त्यांनी अजून मला नीट हाकही मारली नव्हती. आईचा त्यांच्यावर भारी संशय.

"आई, वन्संना काही माहीत नाही. कुणालाच नाही. माझं मी ठरवलंय."

"पण का गं?"

मी कढईतल्या घुगऱ्या परतायला घेतल्या.

आमचं घर मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीला लागून. दर दोन घरांआड कुणी तरी भोपळा तासतंय नाही तर तारा चढवतंय. अशा गावात अण्णांनी जन्मभर गाणं शिकवलं. त्यामुळं आमच्या घरी बाळाचं नाक कुणावर गेलं, रंग कुणाचा, याची चर्चा झालीच नाही. चर्चा झाली ती बाळ सुरात रडतं का याची. आणि महिनाभरात अण्णांनी जाहीर करून टाकलं की नातीला सुराचं अंग आहे.

त्यांच्याकडं पुरावा होता. बाळ कितीही किरकिरत असो, अण्णा त्याला सतरंजीवर शेजारी निजवायचे, गुडघा धरल्यामुळं तंबोरा आडवाच ठेवायचे आणि तारा छेडायचे. दुसऱ्या मिनिटाला बाळ गप्प. डोळे मोठे करून, मुठी सैल सोडून, श्वाससुद्धा जपून घेतल्यासारखं पडून राहायचं. गल्लीतले कारागीर हातातलं काम टाकून हे बघायला येत. अण्णांनी नावही रागाचंच ठरवलं, मधुवंती.

दुपारी बायका जमल्या. पाळणा सजवला होता. आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून फिरवला, मग बाळाला झबलं-टोपडं चढवून या हातातून त्या हातात दिलं. शेवटी वन्सं पुढं झाल्या. पदर खोचला, पाळण्यात वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि आपल्या त्या आवाजात "कुर्रर्र" केलं. दोन घरं पलीकडं ऐकू गेलं असेल.

रिवाजाप्रमाणं बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. हसणं, बांगड्या, गलका. बाळ मात्र पाळण्याला टांगलेल्या चिमणीकडं बघत होतं. दचकणं नाही, पापणी लवणं नाही. वन्सं पाठीत धपाटे खात तशाच वाकून राहिल्या. मग त्यांनी पुन्हा एकदा, आधीपेक्षा मोठ्यानं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बाळानं चिमणीवरची नजर काढली नाही.

"कशी निवांत पोर आहे," कुणी तरी म्हणालं. "अजिबात बिचकली नाही."

"तिला बेसूर आवाजाची पर्वाच नाही," अण्णा दारातून खुशीत म्हणाले. "थांबा, तंबोरा आणतो. बघा कशी ऐकते."

"अण्णा, राहू दे," मी म्हटलं. पण ते ऐकताहेत कुठले. पाळण्याशेजारी खुर्ची ओढून त्यांनी तंबोरा उभा धरला, तारा जुळवल्या आणि छेडला. खोलीभर षड्ज भरला. बायका गप्प झाल्या, सगळ्यांच्या नजरा पाळण्यात. बाळानं ओठ काढले आणि भोकाड पसरलं.

अण्णांनी थोडा वेळ वाजवलं. मग हात थांबला. "दमलीय," ते म्हणाले. "लोकांना बुजलीय." त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

मी बाळाला उचलून मागच्या खोलीत नेलं. मागोमाग वन्सं आल्या, दार लोटलं आणि कडी घातली.

"माणिक, कधीपासून माहीत आहे?"

मी बाळाला पाजायला घेतलं.

"मी पंचवीस वर्षं पोरांत काढलीत. माझ्या आवाजाला भिंती दचकतात. हिला ऐकू येत नाही, हो ना?"

इतक्या दिवसांत ते वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं, मी मनातसुद्धा नाही. ऐकल्यावर मला रडूच कोसळलं. वन्संनी मला रडू दिलं. तोंडानं धीरबीर काही दिला नाही, फक्त बाळाचं डोकं माझ्या हातातून निसटू नये म्हणून खाली आपला हात धरला.

मग मी सगळं सांगितलं. आईच्या हातून पितळी परात पडली, घर हादरलं आणि बाळ झोपूनच राहिलं, तेव्हा मला पहिली शंका आली. रेडिओवाल्या माणसाचं लक्षच आवाजाकडं असतं. मग मी चोरून डबे वाजवून बघितले, मागं उभी राहून हाका मारल्या. लस टोचायचं निमित्त करून डॉक्टरांना दाखवून आले. ते म्हणाले, नक्की थोड्या महिन्यांनी कळेल, पण आशा धरू नका.

"अरविंदला सांगितलंस?"

"कसं सांगू? इथं अण्णा रोज गल्लीला बोलावून दाखवताहेत. त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून माझी जीभच उचलत नाही."

"आणि हे नोकरी सोडायचं? बाहेर ते साहेब तोंड पाडून बसलेत. हिच्यासाठी सोडतेयस?"

मी हो म्हणणार होते. तेच उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण वन्संपुढं खोटं बोलायचं धाडस शाळेतल्या पोरांना होत नसे, मलाही झालं नाही.

"रागानं सोडतेय," मी म्हटलं. "वन्सं, दुपारी माझा आवाज अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जातो. कुठल्या कुठल्या खेड्यातल्या बायका म्हणतात, आक्का बोलल्या की जिवाला बरं वाटतं. आणि माझ्या पोटच्या पोरीला माझी हाक ऐकू येत नाही. त्या आवाजाचं मला तोंड बघायचं नाही आता. पुन्हा त्या माइकसमोर बसले तर तोंडातून शब्द फुटायचा नाही माझ्या."

वन्संनी बाळाचं टोपडं नीट केलं. "राग समजतो मला," त्या म्हणाल्या. "पण रागानं सोडलेलं माणसाला पुढं फार खुपतं. सोडायचं तर सोड, नाही तर नको सोडूस, दोन्हीला माझा पाठिंबा आहे. फक्त कशासाठी ते तुझं तुला कळू दे. आधी घरात सांगू. अरविंदला मी सांगते, तू अण्णांना सांग."

पाहुणे पांगल्यावर, साहेब जेवून बाहेरच्या झोपाळ्यावर पेंगायला लागल्यावर, आम्ही घरचेच तेवढे मधल्या खोलीत बसलो. हे खिडकीशी उभे होते. वन्संनी त्यांना सांगितलं होतं हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. मी गेले तेव्हा त्यांनी नुसता माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं होतं, इतके दिवस लपवलं म्हणून रागावतील.

अण्णांना मी सांगितलं, तर ते ऐकूनच घेईनात.

"खुळी आहेस. बहिरं मूल तंबोऱ्याला गप्प होईल? रोज ऐकते ती. मघाशी लोक होते म्हणून."

"मग आत्ता वाजवा अण्णा. रोजच्यासारखं."

त्यांनी सतरंजीवर तंबोरा आडवा ठेवला. मी बाळाला शेजारी निजवलं, रोजच्यासारखंच, पाय तंबोऱ्याकडं करून. अण्णांनी तारा छेडल्या. बाळाच्या मुठी सुटल्या, डोळे मोठे झाले.

"बघ," अण्णा म्हणाले.

"वाजवत राहा." मी बाळाला अलगद चार बोटं मागं ओढलं. इतका वेळ त्याच्या टाचा भोपळ्याला टेकलेल्या होत्या, त्या सुटल्या. तंबोरा तसाच वाजत होता. बाळानं पाय झाडले, इकडं तिकडं शोधल्यासारखं केलं आणि किरकिरायला लागलं. मी पुन्हा पुढं सरकवलं. टाचा भोपळ्याला लागल्या आणि ते गप्प झालं.

अण्णांनी मला ते पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले. बोटं तारांवर फिरत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसली होती. सकाळी वन्संवर दातओठ खाणारी आई आता त्यांच्याच खांद्याला टेकली होती.

बऱ्याच वेळानं अण्णांनी हात थांबवला आणि भोपळ्यावर आपला तळहात ठेवला. तार अजून थोडी थरथरत होती. ती विरेपर्यंत त्यांनी हात उचलला नाही.

"म्हणजे पोहोचतंय," ते म्हणाले. "कुठून का होईना, पोहोचतंय तिला."

मी इतक्या वेळा बाळाच्या टाचा सोडवून पाहिल्या होत्या, पण प्रत्येक वेळी मला दिसलं ते एकच, की हिला ऐकू येत नाही. अण्णांना दुसरं दिसलं. मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

वन्सं चटकन उठल्या. "मग माझं नावच तेवढं पोहोचलं नाही," त्या म्हणाल्या. "पाठ बडवून घेतली ती फुकट. आण तिला इकडं." त्यांनी बाळाला उचलून माझ्या छातीशी दिलं, त्याची इवलीशी मूठ उलगडली आणि तळवा माझ्या गळ्यावर दाबून धरला. "आत्यानं सांगून झालं. आता तू सांग."

"मधुवंती," मी म्हटलं.

बाळ माझ्या मंगळसूत्राकडं बघत होतं.

"मधुवंती." काहीच नाही. माझी पिपाणी ती, गळ्यातून वरच्या वर उडून जात असणार.

"असं नव्हे," अण्णा घाईनं म्हणाले. गुडघ्याचं दुखणं विसरून ते उकिडवे झाले होते. "खाली ये. खर्जात म्हण."

खर्जात मला एकच बाई बोलता यायची. तिचा आवाज काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण बाळाचा तळवा गळ्यावर होता आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी श्वास घेतला, छातीत उतरले आणि आक्कांच्या आवाजात, सावकाश, लेकीचं नाव घेतलं. 'म'वर घुमले, 'न'वर रेंगाळले.

बाळ थबकलं. भोपळ्याला टाचा लागल्यावर व्हायचं तस्संच. नजर मंगळसूत्रावरून हलली, वर आली आणि माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबली. बोटं गळ्यावर किंचित वळली. मी पुन्हा नाव घेतलं. मग पुन्हा. मला थांबवेना. हे खिडकीपासून जवळ येऊन बसले आणि त्यांनी माझ्या पाठीला हात लावला. ते काही बोलले असते तरी मला ऐकू आलं नसतं. मी इतकी सुखात होते.

तेवढ्यात दार ढकलून गोगटेसाहेब आत आले. झोपाळ्यावर पेंगताना त्यांच्या कानावर आक्का पडल्या होत्या. "परतल्या," ते हसत म्हणाले. "मला वाटलंच, आक्का आपला शब्द..." आणि तिथंच थांबले. त्यांना माझा गळा दिसला, त्यावरचा तळवा दिसला, अण्णांचे ओले गाल दिसले. वन्संनी त्यांना दोन वाक्यांत काय ते सांगितलं. साहेब दाराशीच सतरंजीवर टेकले. इस्त्रीच्या पँटीची घडी मोडेल म्हणून कधी खाली न बसणारा माणूस.

"आता श्रोत्यांना काय सांगू मी?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. विचारण्यात हट्ट उरला नव्हता.

उत्तर द्यायला मी आवाज बदलणार होते. पण मी गप्प होताच बाळाचे ओठ बाहेर यायला लागले होते, आणि माझी पिपाणी तर तिच्या कामाची नव्हती. म्हणून राजीनामासुद्धा मी आक्कांच्याच आवाजात दिला.

"साहेब, बायकांना सांगा, आक्का यात्रेहून सुखरूप आल्यात हो," मी लेकीच्या डोळ्यांत बघत म्हटलं. "पण आता रेडिओवर यायला त्यांना जमायचं नाही. घरी पोर आहे. तिच्याशी बोलायचं राहिलंय."

साहेबांनी चष्मा काढला आणि धोतराबितराचा सोगा नसल्यामुळं टायलाच पुसला. सकाळी विचार बदला म्हणाले होते. माझा बदलला होता, नोकरी सोडायचा नव्हे, रागानं सोडायचा, आणि ते त्यांनाही समजलं असावं, कारण पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. जाताना बाळाकडं पहिल्यांदाच नीट बघितलं आणि म्हणाले, "आक्कांना जपा हं."

'हळदीकुंकू'तून आक्का पुन्हा कधी ऐकू आल्या नाहीत. बरीच वर्षं कुणी ना कुणी मला त्यांच्याबद्दल विचारायचं, आणि त्या गेल्या का, असंही हळूच विचारायचं. आता माझं वय आक्कांच्या पुढं गेलंय आणि पिपाणीला चिरा पडल्यात. मधू पुण्यात चित्रकला शिकवते. तिला लिहून बोलता येतं, हातांनी बोलता येतं, ओठ वाचता येतात, भांडण तर तिन्ही प्रकारांनी येतं. पण घरी आली की बॅग खांद्यावर असतानाच ती आधी आपला तळहात माझ्या गळ्यावर ठेवते आणि वाट बघत उभी राहते. मग मी श्वास घेते, खाली उतरते आणि तिचं नाव सांगते.